के गप्प असतो

१

श्वेताच्या घरी अभ्यास अर्धा स्वयंपाकघरात व्हायचा आणि अर्धा हॉलमध्ये. संध्याकाळी ती ओट्यापाशी चपात्या लाटायची आणि भाविका हॉलमधल्या चटईवर पालथी पडून हवेत पाय हलवत राहायची. मधे लहानसा बोळ, बोळात एका बाजूला बाथरूमचं दार, दुसऱ्या बाजूला आतल्या खोलीचं. चारकोपच्या वन बीएचकेत याहून लांब जायला जागाच नव्हती. आईने आतून शब्द ओरडायचा, लेकीने बाहेरून अर्थ ओरडायचा. एव्हाना शेजाऱ्यांचंही निम्मं इंग्रजी झालं असेल.

दुसरीपर्यंत भाविका मराठी शाळेत होती. यंदा सुबोधने, म्हणजे तिच्या बाबांनी, हट्टाने तिला इंग्रजी शाळेत घातलं आणि आपण रोज अंधेरीच्या ऑफिसात जाऊन बसला. पुढचं सगळं श्वेताच्या गळ्यात पडलं. पोरगी डोळ्यांनी शिकणारी नव्हतीच. पुस्तक समोर धरलं की जांभया सुरू. पण आईच्या आवाजात ऐकलं की एका दमात पाठ. याचं श्वेताला मनातून फार अप्रूप होतं. मला साड्यांना फॉल लावण्यापलीकडे काय येतंय, असं चारचौघांत म्हणणारी ही बाई या एका बाबतीत मात्र ताठ असायची. "तिला माझाच आवाज लागतो," असं ती आपल्या बहिणीला, दीप्तीला, फोनवर दर वेळी ऐकवायची.

त्या दिवशी के-एनच्या शब्दांची पाळी होती.

"के एन डबल ई, नी. नी म्हणजे गुडघा."

"मग के कुठे गेला, आई?"

"के सायलेंट आहे. असतो तिथेच, पण बोलत नाही."

"का?"

याचं उत्तर श्वेताकडेच काय, भाविकाच्या टीचरकडेही नसणार. सोफ्यावर लसूण सोलत बसलेल्या सासूबाईंनी, नलिनीबाईंनी, मधेच तोंड घातलं. गिरणगावातून चारकोपला येऊन त्यांना वीस-पंचवीस वर्षं झाली होती, पण जिभेवरचं मालवण काही हललं नव्हतं. "जा बोलूचा नाय, ता लिवतत कित्याक मेले?"

श्वेताला हसू आलं आणि तिचे वडील आठवले. ती मराठी शाळेत शिकताना त्यांनी तिला एक तोडगा दिला होता. इंग्रजी शब्द आधी मराठीसारखा वाचायचा, लिहिलाय तस्सा. वेडनेसडे. लिस्टेन. इस्लँड. मग स्पेलिंगमधलं अक्षर जन्मात गळत नाही. आपल्यात अक्षराला नुसतं बसवून ठेवायची पद्धत नाही, लिहिलंय तर बोललं पाहिजे. मराठी शाळांतली निम्मी पोरं याच तोडग्यावर तरून गेली असतील.

"असं कर," ती म्हणाली. "आधी के धरून म्हणायचं. क-नी. मग बरोबर म्हणायचं, नी. मग अर्थ."

"क-नी! नी! गुडघा!" भाविका खिदळली. तिला हा खेळ जामच आवडला.

नाईटपाशी मात्र गाडं अडलं. "नाईट म्हणजे रात्र ना?" तिने विचारलं.

"ती बिनकेची नाईट. केवाली नाईट म्हणजे घोड्यावर बसलेला सरदार."

"मग ऐकून कसं कळणार, कुठली आली?"

"ऐकून नाही कळत," श्वेता म्हणाली आणि पुढची चपाती लाटायला घेतली.

२

दोघींची छान लय लागली.

"क-नॉट!" आतून.

"नॉट! गाठ!" बाहेरून.

"क-नॉब!"

"नॉब! दाराची मूठ!"

"क-नकल!"

"नकल! बोटाचा सांधा!"

चपाती फुगली. श्वेताने ती चिमट्याने उचलली आणि तुपाचा डबा शोधायला वाकली. डबा रोजच्या जागी नव्हता, तेवढ्यात पुढचा शब्द डोक्यातून निसटला. आता कुठला बरं राहिला, असं ती स्वतःलाच विचारत होती, तेव्हा बोळातून आवाज आला.

"क-नॉक!"

"नॉक! दार ठोठावणं!" भाविकाने बाहेरून लगेच उत्तर दिलं.

श्वेता डब्याचा शोध तसाच सोडून हॉलमध्ये आली. "तूच विचारतेस आणि तूच सांगतेस होय गं?"

"तू विचारलंस ना."

"मी कुठे विचारलं?"

"आई यार, आत्ता नाही का विचारलंस? क-नॉक." भाविकाने सासूबाईंकडे बघितलं. "आजी, आईने विचारलं ना?"

नलिनीबाईंनी मान हलवली. "तूच गो. दुसरा कोण मेला हा घरात?"

श्वेताने बोळात डोकावून बघितलं. बाथरूमचं दार उघडं होतं, बादली भरलेली होती, नळ बंद होता. आतल्या खोलीत शिलाई मशीनवर एक साडी अर्धी पडली होती. आवाज तिनेही ऐकला होता, आणि तो तिच्यासारखाच होता. भिंतींवरून घुमला असेल, असं तिने ठरवलं. आपण काय पुटपुटतो याकडे आपलं थोडंच लक्ष असतं? मागे तव्यावरची दुसरी चपाती करपल्याचा वास सुटला तशी ती आत पळाली.

३

स्पेलिंगची टेस्ट झाली, भाविकाला सगळेच्या सगळे मार्क पडले, आणि श्वेताने तो क-क बंद करून टाकला. म्हणजे तिने तिच्यापुरता बंद केला.

मग घरात एक नवीनच वाक्य ऐकू यायला लागलं. तू सांगितलंस ना.

"भाविका, हात धू."

"धुतले ना. तू सांगितलंस ना."

"आई, कुकरची तिसरी शिट्टी झाली की गॅस..."

"आताच सांगलंस मा? केलंय मगे बंद," सासूबाई म्हणायच्या.

पहिले एक-दोन दिवस श्वेताला बरंच वाटलं. सांगायच्या आधी कामं होतायत, आणखी काय हवं? पण मग तिची तीच गोंधळायला लागली. सांगितलं असेल का आपण? कधी सांगितलं? पस्तिशीतच असं विसरायला झालं तर पुढे कसं व्हायचं? तिने सुबोधला विचारलं, मी एकच गोष्ट दोनदा सांगते का रे? तो मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "तू पाचदा सांगतेस. लग्नापासून." सासूबाई खो खो हसल्या. श्वेताही हसली, पण ते तिला झोंबलं.

एका दुपारी ती आतल्या खोलीत फॉल लावत होती. दोरा संपला म्हणून मशीन थांबवलं, आणि त्या शांततेत स्वयंपाकघरातून तिला स्वतःचा आवाज ऐकू आला.

"क-भाविका, खिडकी लाव. कबुतरं येतायत."

आवाज अगदी तिचाच होता. 'कबुतरं'वर वैतागून जोर द्यायची सवयसुद्धा तीच. फक्त सुरुवातीला तो बारीकसा क लागला होता, कडी काढताना होतो तेवढाच. बाहेरून भाविकाचे पाय धावले, खिडकी सरकल्याचं वाजलं.  श्वेता उठून स्वयंपाकघरात गेली. ओटा पुसलेला होता. फिल्टरखाली ठेवलेल्या पातेल्यात पाणी ठिबकत होतं. खिडकी बंद होती आणि बाहेर कबुतरं खरंच बसली होती.

"लावली ना खिडकी," भाविका चटईवरून म्हणाली. "आता परत नको सांगूस."

४

मासे घेऊन शेवंती दारावर यायची. ती मनोरीची कोळीण, टोपली उतरवतानाच गप्पा सुरू करायची, आणि श्वेताशी तिचं वर्षानुवर्षांचं जमलेलं होतं.

"काय देऊ गो बाय?"

"बांगडे दे," श्वेता म्हणाली.

शेवंती तिच्याकडे बघत राहिली. "बोल ना गो. काय देऊ?"

"बांगडे. सहा दे, मोठे बघून."

शेवंतीची नजर तिच्या ओठांवर खिळली होती. समोरचा माणूस बहिरा आहे की आपणच, हे न कळल्यावर माणूस जसा बघतो तसं ती बघत होती. श्वेताने घसा खाकरला. खाकरल्याचा आवाज तिला ऐकू आला. निदान ऐकू आला असं तिला वाटलं. तिने पुन्हा तोंड उघडलं, तोच मागून, घराच्या आतून, ठसठशीत आवाज आला.

"क-बांगडे दे सहा! मोठे बघून!"

शेवंतीचा जीव भांड्यात पडला. "हां, अशी बोल ना!" ती हसली आणि बांगडे निवडायला लागली. "मघापासून नुसती ओठ काय हलवते? आज पोटातून बोलते काय गो?"

श्वेता उंबरठ्यावर तशीच उभी राहिली. मागे वळून बघायचं तिचं धाडस होईना. हॉलमध्ये सासूबाई माळ ओढत बसल्या होत्या, त्यांना काही विचित्र वाटलेलं दिसत नव्हतं. तिला वाटलं, घसाच बसलाय आपला, थंड पाणी प्यायलो त्याने. मग जे बोललं ते कोण बोललं, हा प्रश्न तिने कसाबसा बाजूला सारला आणि शेवंतीच्या हातातून बांगडे घेतले.

५

तिने दीप्तीला व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज पाठवला. घसा बसलाय का माझा, ऐकून सांग गं. थोड्या वेळाने दीप्तीचं उत्तर आलं. रिकामाच आलाय. बटण नीट दाबून ठेव, येडे.

श्वेताने तो मेसेज स्वतः लावून ऐकला. पंख्याची घरघर ऐकू येत होती, खालच्या रस्त्यावरचा रिक्षाचा हॉर्न ऐकू येत होता. तिच्या बोलण्याच्या जागी काहीच नव्हतं. तिने दुसरा पाठवला, मग तिसरा. मग घाबरून तिने सरळ सुबोधला लिहिलं. माझा आवाज जातोय रे. कुणालाच ऐकू येत नाहीये. लवकर ये.

निळ्या खुणा आल्या. तो बराच वेळ टाइप करत होता.

काय गं, आत्ताच बोललो ना आपण फोनवर. झकास आहे आवाज. झोप जरा. येताना भाविकाची वही आणतो, तू म्हणालीस ती.

श्वेताने तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. वही संपत आल्याचं तिला सकाळीच दिसलं होतं. त्याला सांगायचं तिच्या मनात होतं, सांगितलं नव्हतं. कॉलच्या नोंदी बघायला तिने बोट पुढे नेलं आणि मागे घेतलं. नोंद नसली तर एक भीती, असली तर त्याहून मोठी.  ती खिडकीपाशी जाऊन कबुतरांकडे बघत राहिली.

पण रडायला आलं ते या कशानेही नाही. नवऱ्याला ऐकू आलं नसतं, सासूला आलं नसतं, तरी चाललं असतं. हॉलमध्ये भाविका पाढे म्हणत होती आणि स्वयंपाकघरातून कुणीतरी तिला प्रेमाने चुका सांगत होतं. पोरीला तिचा आवाज लागत होता, आणि पोरीला तो मिळत होता.

६

संध्याकाळी ती भाविकासमोर चटईवर बसली. पोरीचे दोन्ही हात तिने आपल्या हातांत घेतले. समोरासमोर, एवढ्या जवळून, आता ऐकू आलंच पाहिजे.

"भाविका, बाळा, मी बोलतेय. ऐकू येतंय ना तुला?"

भाविकाने तिच्या डोळ्यांत बघितलं, मग तोंडाकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर आधी हसू होतं. आई काहीतरी गंमत करतेय, आता भॉक करणार, या आशेने ती थांबली. मग ते हसू हळूहळू उतरलं.

"आई, नको ना असं करूस."

"अगं, काय करतेय मी? बोलतेय ना!" श्वेताने गळ्याच्या शिरा ताणून हाक मारली. आयुष्यात एवढ्या मोठ्याने ती कधी ओरडली नसेल. सोफ्यावर सासूबाई डुलक्या घेत होत्या, त्यांची पापणीसुद्धा हलली नाही.

"नको ना!" भाविकाने हात सोडवून घेतले आणि डोळ्यांवर धरले.  "तोंड नको ना असं उघडूस! मला भीती वाटते तुझी!"

श्वेताने तोंड मिटलं. मिटल्याबरोबर भाविकाने बोटांच्या फटीतून बघितलं, आणि तिचा श्वास जरा खाली बसला. ती पुढे सरकून आईच्या कुशीत शिरली. तोंड मिटलेली आई तिला हवी होती.

"भाविका, चल, दूध पिऊन घे बघू," स्वयंपाकघरातून हाक आली.

श्वेताने कान टवकारले होते. सुरुवातीचा तो क या वेळी तिला ऐकू आला नाही. कान देऊनही नाही. पहिल्यांदाच तिला वाटलं की आतून आलेली हाक आपलीच आहे, आणि आपण आत काम करतोय, आणि इथे चटईवर बसलेलं जे काही आहे ते दुसरंच कुणीतरी आहे.

"आले!" भाविका म्हणाली. उठताना तिने श्वेताच्या गालाचा पापा घेतला आणि आतमध्ये पळाली. लगेच पेल्यात चमचा ढवळल्याचा आवाज आला. श्वेता जागची हलली नाही.

७

रविवारी दुपारी बांगड्याचं तिखलं पोटभर झालं आणि घर सुस्तावलं. सुबोध सोफ्यावर घोरत होता. नलिनीबाई शेजारच्या विमलाकाकूंकडे गेल्या होत्या. श्वेता हॉलमध्ये चटईवर आडवी झाली, तशी भाविका येऊन तिच्या कुशीत घुसली आणि तिचं एक बोट मुठीत पकडून पडून राहिली. आता तोंड बंद ठेवायचं श्वेताला जमायला लागलं होतं.

"आई, कुर्लीची गोष्ट सांग ना," भाविका छताकडे बघत म्हणाली.

ही गोष्ट श्वेताने स्वतः रचली होती. खाडीतली एक कुर्ली, म्हणजे मादी खेकडा, नवीन घर शोधायला निघते आणि प्रत्येक बिळात आधीच कुणीतरी राहत असतं. गोष्ट कधीच पुरी झाली नव्हती, कारण सांगता सांगता श्वेताच आधी झोपून जायची. दीप्तीलाही ती ठाऊक नव्हती. ती फक्त या दोघींची होती.

"एक होती कुर्ली," आतल्या खोलीतून सुरू झालं. "तिला आपलं बीळ लहान व्हायला लागलं..."

 भाविकाने समाधानाने पाय पसरले. आवाज मऊ होता, दमलेला नव्हता, घाईत नव्हता. शिंपल्यापाशी नेहमीचा विनोद आला, भाविका नेहमीसारखी हसली. सापाच्या बिळापाशी गोष्ट आली. इथे श्वेताला दर वेळी झोप लागायची, यापुढचं तिने कधी रचलंच नव्हतं. गोष्ट थांबली नाही. कुर्ली सापाच्या बिळात वाकून बघायला लागली, आणि स्वतःच्याही नकळत श्वेता ऐकायला लागली. पुढे काय होतं हे तिलाही माहीत नव्हतं.

पंख्याच्या वाऱ्याने आतल्या खोलीच्या दाराचा पडदा जरासा उचलला जात होता. पलंगाची कड दिसत होती. त्या कडेवर कुणीतरी बसलं होतं. श्वेताला फक्त एक गुडघा दिसला, तिच्याच निळ्या फुलांच्या गाऊनखाली दुमडलेला, आणि त्यावर गोष्टीच्या लयीत हळूहळू आपटणारी एक मूठ. बोटांचे सांधे कापडावर पडायचे, उचलले जायचे, पडायचे. निळा गाऊन श्वेताच्याही अंगात होता. तिने खाली बघून खात्री केली. पडदा खाली पडला.

किंचाळावं असं तिला वाटलं, आणि तिने तोंड उघडलंही. मग कुशीतल्या पोरीची पापणी हलली. ही जागी होईल, वर बघेल आणि आपलं उघडं तोंड हिला दिसेल. श्वेताने ओठ मिटून घेतले आणि भाविकाला थोपटत राहिली. थोपटण्याची लय आतल्या मुठीशी जुळत होती. तिने ती मोडायचा प्रयत्न केला, पण भाविका चुळबुळायला लागली म्हणून पुन्हा तशीच धरली.

गोष्ट संपली. श्वेताच्या बोटावरची भाविकाची मूठ सैल झाली. घरात फक्त सुबोधचं घोरणं उरलं.

"झोपली का गं?" आतून हलक्या आवाजात विचारलं.

इतक्या दिवसांत त्या आवाजाने श्वेताला पहिल्यांदाच काही विचारलं होतं.  मग तिने पडद्याकडे बघून मान हलवली.

"मग पंखा कमी कर. गारठेल ती."

भाविकाच्या अंगावर खरंच काटा आला होता. श्वेता आवाज न करता उठली, आणि तिने पंखा कमी केला.